पाचवा रकाना

आमचे नाना अकोल्याच्या एसटी स्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. गाडी किती वाजता आली, कोणत्या फलाटावर लागली, किती मिनिटे उशिरा सुटली, हे सारे लिहून ठेवण्याची त्यांची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही, आणि पार्किन्सनमुळे अक्षर मुंगीएवढे बारीक झाले तरी वही काही बंद पडली नाही. गेली तीन वर्षे या वहीत पाच रकाने आहेत : वेळ, गोळी, पंचे, शौच-लघवी आणि आवाज. पंचे म्हणजे लाळेने भिजल्यामुळे दिवसभरात बदलावे लागलेले सुती पंचे. पहिले चार रकाने डॉक्टरांच्या सांगण्यावरून आखलेले आहेत. पाचवा नानांनी स्वतःच्या बुद्धीने वाढवला, आणि औषध किती पुरे हे ठरवायला पुढे तोच सर्वांत उपयोगी पडला.

लाळ गळू लागली तेव्हा आधी उशीचा अभ्रा ओला व्हायचा, मग दुपारी वर्तमानपत्र वाचताना शर्टाची खिशाकडची बाजू भिजू लागली, आणि एके दिवशी माझ्या लक्षात आले की नाना संध्याकाळी देवळाच्या पारावर जाणे टाळत आहेत. विचारले तर पाय दुखतात म्हणाले. खरे कारण कळले ते माझ्या भाच्याच्या पहिल्या वाढदिवसाला. आलेल्यांपैकी एका नातेवाईक बाईंनी, मनात काही वाईट नसताना, बाळाच्या सामानातले एक जादा लाळेरे काढून नानांच्या हातात दिले आणि "हे बांधा हो, शर्ट खराब होणार नाही," असे सर्वांसमक्ष म्हटले. नानांनी ते लाळेरे उलटसुलट करून पाहिले, नीट चौकोनी घडी घातली आणि बाळाच्या पिशवीत परत ठेवले. त्या रात्री त्यांनी मला पहिल्यांदा विचारले, "यावर गोळी नाही काय बाई?"

गोळी होती. मात्र ती कशी घ्यावी हे कळायला आम्हाला वर्षभर लागले आणि त्यात एकदा दवाखाना गाठावा लागला, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज होता. नानांना लाळ जास्त सुटते, असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. निरोगी माणसाच्या तोंडातही दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. आपण ती नकळत गिळत राहतो म्हणून तिचा पत्ता लागत नाही. पार्किन्सनमध्ये हात-पाय जसे मंदावतात तसा घसाही मंदावतो, आपोआप होणारे गिळणे विरळ होते, मान खाली झुकते, ओठ सैल पडतात आणि तोंडात साठलेली लाळ वाट मिळेल तिकडे जाते. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने १८१७ मध्ये या आजाराचे पहिले नीट वर्णन लिहिले, त्यातही रुग्णाची लाळ घशाकडे नेली जात नाही म्हणून ती तोंडातून गळत राहते, असे त्याने नोंदवले आहे. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाला नुसत्या निरीक्षणाने जे दिसले, ते आम्हाला घरात रोज पंचे पिळताना दिसले नव्हते.

हे आधी कळले असते तर आम्ही गोळीच्या आधी गिळण्याकडे पाहिले असते. मान सरळ राहील अशी खुर्ची, तोंडात बिनसाखरेची गोळी किंवा च्युइंगगम ठेवून गिळण्याची आठवण देत राहणे, वाचा-उपचार करणाऱ्या ताईंकडून ओठांचे व्यायाम शिकणे, हे सगळे आम्ही नंतर केले. पण तेव्हा आम्हाला घाई होती. लाळेऱ्याचा प्रसंग ताजा होता, आणि घरातल्या माणसाचा अपमान धुऊन काढायचा असला की माणूस औषधाच्या दुकानाकडे जरा जास्तच वेगाने चालतो.

जवळच्या डॉक्टरांनी ट्रायहेक्सिफेनिडिल लिहून दिली. पार्किन्सनमधला कंप कमी करणारी ही जुनी गोळी आहे आणि तोंड कोरडे पडणे हा तिचा परिणाम सर्वांना ठाऊक आहे, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. पहिला आठवडा तर सणासारखा गेला. पंच्यांची संख्या सहावरून एकावर आली, नाना पारावर जाऊन बसू लागले. मी तर आईला म्हटलेसुद्धा, की आपण उगीच इतके महिने थांबलो.

दुसऱ्या आठवड्यात त्यांना शौचाला होईना. वयामुळे असेल, असे आम्ही म्हटले. मग जिभेला चव लागेना. उन्हाळ्यामुळे असेल, असे म्हटले. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री अडीच-तीनच्या सुमारास मला त्यांच्या खोलीतून आवाज आला, आणि तो आवाज मी लहानपणापासून ओळखत होते. नाना लोखंडी कपाटासमोर उभे राहून उद्घोषणा करीत होते. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मूर्तिजापूर, बडनेरामार्गे अमरावतीला जाणारी गाडी..." पण शब्द चिकटत होते, जीभ टाळूवरून सुटत नव्हती, आणि मधेच ते हवेतून काहीतरी चिमटीत पकडून बाजूला ठेवल्यासारखे करीत होते. मी दिवा लावला. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांतल्या बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे काळेभोर दिसत होते. "रांग लावा म्हणावं त्यांना," ते मला म्हणाले, "किती लोकं उभी हायत."

त्या दिवशी दुपारपासून त्यांना लघवी झालेली नाही, हे आईने तेव्हा सांगितले.

अपघात विभागात रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी नानांच्या काखेत हात घालून पाहिले, जीभ पाहिली, डोळ्यांवर बॅटरी मारली, ओटीपोटावर बोटांनी ठोकून पाहिले आणि मला एकच प्रश्न विचारला : "यांना कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत? सगळ्या सांगा, सर्दीखोकल्याच्यासुद्धा." इतक्या चटकन त्यांना कसे उमगले, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. नंतर त्यांनीच सांगितले. आमच्या वऱ्हाडात फवारणीच्या हंगामात कीटकनाशकाने विषबाधा झालेले शेतकरी दवाखान्यात येतात. त्या विषाने शरीरातले सगळे स्राव एकदम सुटतात, तोंडाला फेस येतो, छातीत पाणी भरल्यासारखा आवाज येतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तेव्हा स्राव आटवणारे ॲट्रोपिन देतात; छाती मोकळी होईपर्यंत, काख कोरडी पडेपर्यंत वाढवत नेतात, आणि मग थांबतात. थांबायला उशीर झाला तर रुग्ण तापतो, बडबडतो, हवेतल्या वस्तू वेचू लागतो. ज्याने ती वेचणारी बोटे एकदा पाहिली आहेत, त्याला ती म्हाताऱ्या माणसाच्या हातातही ओळखू येतात. नळी घातल्यावर पिशवीत लिटरभराच्या वर लघवी जमली. नाना शांत झोपले. मी बाहेरच्या बाकावर बसून यादी लिहू लागले.

मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. एकाच खात्यावर चार जणांनी चार ठिकाणांहून पैसे काढावेत आणि शिल्लक कोणीच पाहू नये, असा प्रकार झाला तर आमच्याकडे चौकशी लागते. नानांच्या खात्यावर नेमके तेच झाले होते. ट्रायहेक्सिफेनिडिल एका डॉक्टरांची. रात्री वारंवार लघवीला उठावे लागते म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली टोल्टेरोडिन. पायांची आग होते म्हणून तिसऱ्यांनी लिहिलेली, झोपताना घ्यायची ॲमिट्रिप्टिलिन. आणि चौथी, सर्दीची क्लोरफेनिरामिन असलेली गोळी, जी मी स्वतः मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून चार दिवस त्यांना दिली होती. या चारही गोळ्यांची नावे वेगळी, कामे वेगळी, लिहिणारे हात वेगळे. पण शरीरात गेल्यावर त्या चारही एकच नळ बंद करतात. अशा औषधांचा मेंदूवर पडणारा भार मोजण्याची एक पट्टी आहे. तीत प्रत्येक औषधाला १ ते ३ गुण देतात आणि बेरीज ३ किंवा त्याहून अधिक झाली की सावध व्हावे असे मानतात. आमच्या चारही गोळ्यांना प्रत्येकी ३ गुण आहेत. बेरीज १२. डॉक्टरांना मी दोष देऊ शकले असते, आणि मनातल्या मनात दिलाही. पण शेवटचे तीन गुण माझ्या पर्समधून आले होते.

या साऱ्या गोळ्या बंद करतात तो नळ ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचा. नसांची टोके हे रसायन सोडतात आणि लाळेच्या ग्रंथी, आतडी, मूत्राशय, डोळ्यांची बाहुली, हृदय आणि मेंदूतला स्मरणाचा व्यवहार यांना त्यातून निरोप पोहोचतो. नसा रसायनातून बोलतात हे ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवून दिले. एका हृदयाची नस उत्तेजित करून त्याची गती मंदावली आणि त्याभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर सोडले, तर तेही मंदावले. १९३६ मध्ये त्यांना आणि हेन्री डेल यांना यासाठी नोबेल मिळाले. अँटिकोलिनर्जिक, म्हणजे या ॲसिटिलकोलीनला अडवणारे, औषध काय करते, हे नानांना समजावताना मला एसटीचीच उपमा सुचली. गाडी लागली की खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरणारे लोक असतात. औषधाचा कण हा तो रुमाल. ॲसिटिलकोलीन तिकीट काढून गाडीत चढते, पण जागा अडलेली असते, म्हणून उभेच राहते. नाना हसले आणि त्यांनी अचूक जागी बोट ठेवले : "पण रुमाल टाकणारा एकाच गाडीत थोडाच टाकते?" तेच तर आहे. गोळी पोटात गेल्यावर रक्तातून सगळीकडे जाते आणि जिथे तसली जागा दिसेल तिथे रुमाल टाकते. तोंडातली लाळ कमी करण्यासाठी घेतलेल्या औषधाला तोंड आणि मूत्राशय यांतला फरक कळत नाही.

हे आपल्या लोकांना पूर्वीपासून अंगणातून ठाऊक आहे. महाशिवरात्रीला आपण महादेवाला धोतऱ्याचे फूल आणि काटेरी फळ वाहतो, पण ते घरात मुलांच्या हाताला लागू देत नाही. धोतऱ्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलॅमिन ही याच कुळातली द्रव्ये असतात, आणि धोतरा पोटात गेलेल्या माणसाचे वर्णन कोणी केले तर मला ते कपाटासमोरचे नाना वाटतात. वाटसरूंना धोतरा चारून लुटण्याच्या कथा जुन्या काळी सर्रास ऐकायला मिळत. अनोळखी व्यक्तीने दिलेले खाद्यपदार्थ घेऊ नयेत, ही सूचना नानांनी स्थानकावर किती वेळा वाचली असेल याची गणती नाही. तरी गंमत अशी की, लेव्होडोपा हे पार्किन्सनचे आजचे मुख्य औषध येण्याआधी जवळजवळ शंभर वर्षे त्यावर मुख्य इलाज होता तो याच कुळातल्या वनस्पतींच्या अर्काचा. पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ शार्को आपल्या रुग्णांना तो देत असत. विष आणि औषध यांच्यातले अंतर मात्रेचे असते हे वाक्य फार वेळा ऐकलेले आहे, पण वयाच्या ७४ व्या वर्षी, प्रोस्टेट वाढलेला असताना, ते अंतर किती लहान होते हे मात्र त्या रात्रीच कळले.

पुढची पायरी नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी घालून दिली. ट्रायहेक्सिफेनिडिल एकदम न तोडता थोडी थोडी कमी करीत बंद केली, कारण ती झटक्यात थांबवली तर कंप आणि ताठरपणा उसळू शकतो. टोल्टेरोडिन आणि सर्दीची गोळी त्याच दिवशी गेली. ॲमिट्रिप्टिलिनऐवजी दुसरे औषध आले. प्रोस्टेटचा वेगळा उपचार सुरू झाला आणि काही दिवसांनी नळी निघाली. मग जवळजवळ दोन महिने लाळेसाठी काहीच दिले नाही. ते दोन महिने जड गेले हे खरे, पण नानांचे डोके पुरते निवळले आणि गिळण्याचे व्यायाम या काळात अंगवळणी पडले. दर पाच मिनिटांनी गिळायची आठवण म्हणून आम्ही मोबाइलमध्ये घंटी लावली होती. ती वाजली की नाना "गाडी सुटली" म्हणत आणि गिळत. एवढ्यानेच दिवसाचे दोन पंचे कमी झाले.

त्यानंतर ग्लायकोपायरोलेट. हेही त्याच जातीचे औषध, पण त्याच्या कणावर कायमचा धन विद्युतभार असतो, त्यामुळे मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांची भिंत त्याला सहसा ओलांडता येत नाही आणि भास होण्याचा धोका बराच कमी राहतो. भूल देण्याआधी तोंड-घसा कोरडा राहावा म्हणून भूलतज्ज्ञ त्याचे इंजेक्शन वापरतात. मेंदूच्या आजारामुळे फार लाळ गळणाऱ्या ३ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी त्याच्या पातळ औषधाला अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली, आणि आमच्या फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या लेकराला घेऊन येणाऱ्या एका आईकडून मला त्याच्याबद्दल जितके शिकायला मिळाले तितके कागदावरून मिळाले नाही. "मेंदूत जात नाही म्हणजे निर्धोक आहे असं नाही, ताई," ती म्हणाली होती, "पोटात तर जातंच ना." तिच्या मुलाला आठवडाभर शौच झाली नव्हती तेव्हा ती हे शिकली होती.

म्हणून सुरू करण्याआधी नागपूरच्या डॉक्टरांनी तीन गोष्टी पाहून घेतल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून काचबिंदूची तपासणी, विशेषतः डोळ्यातला कोन अरुंद नाही ना हे, कारण तसल्या डोळ्यात ही औषधे दाब अचानक वाढवू शकतात. सोनोग्राफीत लघवी झाल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते ते. आणि नाडी व ईसीजी, कारण या औषधाने हृदयाचे ठोके वाढतात. तिन्ही ठीक निघाल्यावर १ मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी, सकाळी एकदा, आणि किमान आठवडाभर त्यात काहीही बदल करायचा नाही. अन्नासोबत ती नीट शोषली जात नाही, म्हणून जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास. इकडे लेव्होडोपाचेही जेवणाशी असेच वाकडे. दोन्हींच्या वेळा, चहा, जेवण आणि व्यायाम यांची सांगड घालता घालता मी घामाघूम झाले. नानांनी मात्र वही पुढ्यात ओढून अर्ध्या तासात वेळापत्रक बसवून दिले. क्रॉसिंग कुठे होते ते आधी बघायचे, असे म्हणाले.

पाचवा रकाना तेव्हाच आला. पंचे मोजून लाळ किती कमी झाली ते कळते, पण ती फार कमी झाली का, हे कळत नाही. पंच्यांच्या रकान्यात शून्य लिहिले गेले तर घरचे टाळ्या वाजवतात. नानांनी रोज सकाळी अकरा वाजता आरशासमोर उभे राहून आपली जुनी उद्घोषणा करायला सुरुवात केली. लाळ जास्त असली तर मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती यांतल्या ओठ मिटून उच्चारायच्या म आणि ब या अक्षरांवर ती ओठांच्या कोपऱ्यातून सांडते. तोंड फार कोरडे असले तर फलाटातला ट आणि गाडीतला ड टाळूला चिकटतो, आणि "फलाट क्रमांक चार" म्हणताना मधे टक् असा आवाज येतो. मी स्वतः जवळ उभी राहून ऐकले आहे. रकान्यात ते "ओले", "ठीक" किंवा "टक्" यांपैकी एक शब्द लिहितात. अर्ध्या गोळीवर तीन आठवडे "ओले" आले, पूर्ण गोळीवर सहा दिवस "ठीक", आणि सकाळ-संध्याकाळ एकेक झाल्यावर चौथ्या दिवशी "टक्". डॉक्टरांनी ती नोंद पाहिली आणि संध्याकाळची गोळी काढून टाकली. माझ्या समजुतीप्रमाणे इतका चांगला मोजमापाचा प्रकार त्यांना दुसऱ्या कोणी आणून दाखवला नसावा, कारण त्यांनी त्या पानाचा फोटो काढून घेतला.

कोरडेपणाची किंमत लहान नसते. ज्वारीची भाकरी लाळेशिवाय घशाखाली उतरत नाही. ती वरणात कुस्करावी लागली. लाळ दातांना धुऊन काढत असते, ती आटली की दात किडतात आणि कवळीखाली हिरड्यांना पांढरा थर धरतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाताच्या डॉक्टरांकडे जाणे आले. आणि सर्वांत महत्त्वाचे, छातीतला कफ घट्ट होतो. पातळ कफ खोकून निघतो. चिकट झालेला बेडका म्हाताऱ्या माणसाला वर ढकलता येत नाही आणि तो फुप्फुसात राहिला तर न्यूमोनियाला आमंत्रण. फिजिओथेरपीच्या ताई म्हणत, तुम्हाला कोरडे नको आहे, कमी हवे आहे. ही ताकीद मी फ्रिजवर चिकटवली होती.

उन्हाळ्याचे प्रकरण तर आमच्या अकोल्याचेच. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो. घाम सुटण्याचा निरोपही ॲसिटिलकोलीनच नेते, त्यामुळे या औषधाने घामही आटतो आणि अंग थंड करायचा शरीराचा हुकमी उपाय निकामी होतो. पहिल्याच उन्हाळ्यात, भारनियमनाच्या एका दुपारी, आम्ही सगळे घामाने निथळत असताना नानांचे कपाळ कोरडे ठणठणीत आणि तव्यासारखे तापलेले लागले. ओल्या पंच्याने अंग पुसून, पंख्याऐवजी पुठ्ठ्याने वारा घालून आम्ही वेळ मारून नेली. तेव्हापासून एप्रिल ते पाऊस पडेपर्यंत गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवतो. त्या महिन्यांत पंचे वाढतात. वाढू देत.

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने मधे एकदा फोनवर सांगितले की तिकडे डोळ्यांत घालायच्या ॲट्रोपिनचे थेंब जिभेखाली देतात, स्वस्त आणि सोपे. हे खरे आहे, काही डॉक्टर तसे देतात. पण त्याच सुमारास माझ्या पुतणीला चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून ॲट्रोपिनचेच थेंब दिलेले होते, आणि ती बाटली फ्रिजच्या दारात होती. तिच्यावर ०.०१ टक्के लिहिले होते. जिभेखाली देतात ते थेंब १ टक्क्याचे असतात, म्हणजे शंभरपट तीव्र, आणि त्या एका थेंबात सुमारे अर्धा मिलिग्रॅम ॲट्रोपिन उतरते. दोन्ही बाटल्या बोटाच्या पेराएवढ्या, झाकणे सारखी. एखाद्या पहाटे अर्धवट झोपेत पुतणीच्या डोळ्यांत १ टक्क्याचा थेंब किंवा नानांच्या जिभेखाली एकाऐवजी तीन थेंब, एवढीच चूक पुरे. शिवाय ॲट्रोपिन मेंदूत शिरते, आणि आमच्या घराला कपाटासमोरची ती रात्र एकदा पुरली होती. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

या जातीच्या औषधाचे आणखी एक रूप मी आत्याच्या शेवटच्या दोन दिवसांत पाहिले. श्वास घेताना तिच्या घशात खरखर सुरू झाली होती आणि आम्हाला ती ऐकवेना. डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवले, मान थोडी खाली केली, एक इंजेक्शन दिले, आणि समजावून सांगितले की या औषधाने नवा स्राव थांबतो, साठलेला निघून जात नाही, आणि तिला स्वतःला याचा त्रास जाणवत असण्याची शक्यता फार कमी आहे. मग इंजेक्शन कोणासाठी, असे मी विचारले नाही. खोलीत आम्ही सात जण होतो.

तो न विचारलेला प्रश्न मी नंतर नानांना विचारला. लाळेचा त्रास नक्की कोणाला होतो, तुम्हाला की आम्हाला? त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले की घरी असताना त्यांना काही वाटत नाही, पंचा आहे, पुसता येते. पण बाहेर, चार लोकांत, तोंड उघडायच्या आधी माणूस आपल्या ओठांकडे बघतो हे त्यांना सोसत नाही. लाळग्रंथींत बोटॉक्सचे इंजेक्शन देण्याचा पर्यायही नागपूरला सुचवला गेला होता. त्याचा परिणाम तीन-चार महिने टिकतो आणि शरीरभर रुमाल टाकण्याचा प्रश्न त्यात फारसा येत नाही. पण दर वेळी नागपूर, खर्च आणि गिळणे आणखी अवघड होण्याची थोडी जोखीम, हे ऐकून नाना नको म्हणाले. डॉक्टरांच्या संमतीने त्यांनी स्वतःचा मार्ग काढला : रोजची गोळी नाही, बाहेर जायचे असेल त्या सकाळी एक, तीही आदल्या दिवशी पोट साफ झाले असेल तरच. आणि खांद्यावर लाळेऱ्याऐवजी पांढरा दुपट्टा, जो वऱ्हाडातल्या कुठल्याही म्हाताऱ्याच्या खांद्यावर शोभतो आणि ज्याचे टोक ओठांना कधी लागले हे कोणाला कळत नाही.

गेल्या डिसेंबरमध्ये मूर्तिजापूरला चुलतबहिणीच्या मुलाचे लग्न होते. नानांनी सकाळी सातला गोळी घेतली, आठला पोहे खाल्ले, साडेअकराला अक्षता टाकल्या. जेवणे आटोपल्यावर वऱ्हाडाची बस निघायची होती आणि माणसे मांडवात पांगलेली. कोणीतरी थट्टेने माइक नानांच्या हातात दिला. त्यांनी घसा साफ केला, पाण्याचा घोट घेतला, दुपट्ट्याच्या टोकाने ओठ टिपले आणि प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे म्हणाले. आवाज पूर्वीच्या निम्मा होता. शेवटच्या "अकोला"वर थोडा घसरला, पण माणसे वळून पाहू लागली, आणि ज्यांनी त्यांना स्थानकावर ऐकले होते अशा दोघा-तिघांनी तर सामान उचललेच.

रात्री घरी आल्यावर त्यांनी वही मागितली. मी शेजारी बसून वाचले. वेळ ७.००. गोळी १. पंचे : दुपट्टा, एक टोक. आवाज : ठीक, एकदा टक्. शौच : नाही. त्यापुढे त्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिले होते, इसबगोल दोन चमचे, उद्या गोळी नको.